लातूरच्या हद्दीबाहेर सामाईक खरेदीखताचा प्लॉट घ्यावा का? (‘जुना सातबारा’, ‘आडतवाला’ आणि ‘गवंडी’ या तिघांची चर्चा)

जुना सातबारा: शहराबाहेरच्या जिरायत रानात दोन-दोन गुंठे (2,178 चौ. फूट) पाडून विकताहेत. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) 20 गुंठे, म्हणून दहाजण गोळा करून एकच खरेदीखत करतात. माझं मत: घेऊ नये. सातबाऱ्यावर दहा नावं येतात, पण कुणाचे दोन गुंठे नेमके कुठे, हे सरकारदरबारी कुठेच नसतं. एजंटचा रंगीत नकाशा म्हणजे कागदावरची रांगोळी. अशा अविभक्त हिश्श्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. वाटप करायला गेलात तर तुकडा प्रमाणभूत क्षेत्राखाली जातो, फेरफार (सातबाऱ्यावरची मालकी बदलाची नोंद) अडतो. शेती झोन असेल आणि खरेदीदार शेतकरी नसेल, तर हैदराबाद कूळ कायद्याचं कलम 47 आडवं येतंच.

आडतवाला: मग सामान्य माणसानं काय करायचं? मंजूर ले-आउटमध्ये रस्ते आणि 10 टक्के खुली जागा सोडली की जमिनीचा तिसरा हिस्सा जातो. तो पैसा गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघतो. विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा 2001 चा गुंठेवारी कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली, 2025 मध्ये तुकडेबंदीतही (प्रमाणभूत क्षेत्राखालचे तुकडे पाडायला बंदी) सवलत मिळाली. शहर वाढतंच, नियमितीकरण होतंच.

जुना सातबारा: होतं, पण मागच्या व्यवहारांचं. प्रत्येक सवलतीला कट-ऑफ तारीख असते. आज घेणारा पुढच्या सवलतीची वाट बघत बसणार. शिवाय व्यवहार नियमित झाला म्हणजे बांधकाम परवाना मिळाला असं नाही. आणि विकायची वेळ आली नि नेमका सोयाबीनचा भाव पडून लोकांच्या हातात पैसा नसला, तर असल्या प्लॉटकडे कोण फिरकणार?

गवंडी: कागदावर भांडताय, खालची माती कुणी बघितली? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा ठरलेल्या. इसार देण्याआधी जेसीबीनं एक खड्डा घ्या. मुरूम आठ फुटांवर लागला तर पायाचा खर्च इतका वाढतो की स्वस्त प्लॉटची स्वस्ताई तिथंच गाडली जाते. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर प्लिंथ (जोत्याची पातळी) आणि लिंटेलचे (दार-खिडकीच्या वरचे) आरसीसी पट्टे वगळणं तर मूर्खपणाच. पाणी? 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. नुसत्या बोअरच्या भरवशावर राहू नका, पाइपलाइन कुठवर आलीय ते बघा.

आडतवाला: खड्ड्याचं मान्य. पण बाहेरच घ्यायचं तर गावठाणापासून 200 मीटरच्या आतलं बघावं. महसूल संहितेनुसार तिथं वेगळी एनए (बिगरशेती वापराची) परवानगी लागत नाही.

जुना सातबारा: हे चालेल, ले-आउट मात्र मंजूर हवाच. आणि 200 मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे, एजंट एसटी स्टँडपासून मोजून दाखवतो. भूमी अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. सातबाऱ्यावरचे इतर हक्क, बोजा आणि भोगवटादार वर्ग 1 की 2 (वर्ग 2 ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), हेही त्याच वेळी तपासा.