'वाइज वाइफ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: स्कॉटलंडच्या ॲग्नेस सॅम्पसनवर लिहिते आहे. ईस्ट लोदियनमधली ही बाई बाळंतपणं करायची, दुखणीखुपणी बघायची. लोक तिला 'वाइज वाइफ ऑफ कीथ' म्हणत; कीथ हे ठिकाणाचं नाव. 'कीथची शहाणी बायको' फारच विनोदी वाटतं. आणि तिच्यावरच्या जादूटोण्याच्या आरोपासाठी शब्द कोणता, चेटकीण, डाकीण की हडळ?

– हडळ बाद. ती मेलेली असते, ॲग्नेस जिवंत होती. 'वाइफ' म्हणजे जुन्या स्कॉट्समध्ये नुसती बाई, नवऱ्याचा संबंध नाही. 'मिडवाइफ'मध्ये तोच अर्थ उरलाय. 'शहाणी' आपण टोमण्यालाच जास्त वापरतो, तेव्हा 'जाणती' घ्या. सुईण म्हटलं तर तिचं निम्मंच काम सांगून होतं. ती आजाऱ्यांवर प्रार्थनाही म्हणायची आणि खटल्यात त्याच तिच्यावर उलटल्या.

– माझं मत डाकीण. चेटकीण हा शब्द पोरांच्या गोष्टींनी पार बोथट करून टाकलाय. नंदुरबारकडे, सातपुड्यात डाकीण अजून जित्याजागत्या बाईला म्हणतात. शिवाय 'डाकीण ठरवली' म्हटलं की ठरवणारेही वाक्यात येतात.

– ठरवणारे आणायचे तर राजाच आणा की! सहावा जेम्स १५९० मध्ये नवी राणी ॲन हिला घेऊन डेन्मार्कहून परतला, वाटेत वादळं लागली. ती ॲग्नेस आणि तिच्यासोबतच्या बायकांनी उठवली, नॉर्थ बेरिकच्या चर्चमध्ये सैतानाला भेटून राजाच्या जिवावर उठल्या, असा आरोप. होलिरूडच्या राजवाड्यात राजानं स्वतः ॲग्नेसची चौकशी केली. अंगावरचे केस भादरून सैतानाची खूण शोधली, डोकं दोरीनं आवळलं. मग ती 'कबूल' झाली. आपल्या डाकिणीला सैतानासारखा कुणी धनी नसतो, ती आपल्याच नजरेनं खाते. म्हणून नाम टाळून 'चेटूक केल्याचा आरोप' लिहावं. वाक्य लांबेल, लांबू दे.

प्रश्नकर्ती: 'जाणती' पटलं. 'चेटूक केल्याचा आरोप'ही घेते, पण शीर्षकात 'डाकीण ठरवलेली' राहील. आता अशा खटल्यांच्या निकालांत 'विरीट' शब्द भेटतो. इंग्रजी 'वरी', म्हणजे काळजी, त्याच्याशी नातं आहे?

– मूळ एकच, पण इथे काळजी नाही. स्कॉट्समध्ये 'विरी' म्हणजे गळा आवळणं. खांबाला बांधून आधी गळा आवळायचे, मग प्रेत जाळायचे. ॲग्नेसचंही जानेवारी १५९१ मध्ये एडिंबरोत तेच झालं. तेव्हा 'जिवंत जाळलं' लिहू नका.