मुलाच्या ताब्याचा दावा आणि समुपदेशक बदलून मागणं : अनुभव धागा

कुटुंब न्यायालयात ताब्याचा अर्ज दाखल झाला की प्रकरण बहुतेक वेळा आधी विवाह समुपदेशकांकडे जातं. तिथे विश्वास बसला नाही, तर दुसरे समुपदेशक मागता येतात का? आपापली कहाणी बाजूला ठेवून, अर्ज कशावर टिकतो आणि कशावर पडतो ते जाणकारांनी लिहावं.

वकील, पुणे

मागता येतात, पण हक्क म्हणून नाही. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ६ खाली समुपदेशक नेमलेले असतात. तुमचं प्रकरण कोणाकडे पाठवायचं ते न्यायालय ठरवतं, त्यामुळे बदलही न्यायालयच करतं. समुपदेशकांना तोंडी सांगून, किंवा पुढच्या तारखेला परस्पर दुसऱ्या खोलीत जाऊन बसून काही होत नाही.

लेखी अर्ज द्या, मराठीतच चालतो. शीर्षक साधं ठेवा : ‘समुपदेशक बदलून मिळणेबाबत’. वर प्रकरण क्रमांक आणि समुपदेशनाला पाठवल्याच्या आदेशाची तारीख. मग घडलेल्या गोष्टी तारखेनिशी, प्रत्येक गोष्टीला एक परिच्छेद. ‘त्या पक्षपाती आहेत’ या वाक्याला वजन नाही. ‘अमुक तारखेला मुलाशी बोलताना वडिलांना खोलीतच बसू दिलं, आईला बाहेर थांबवलं’ याला आहे. पानं दोन पुरेत. सोबत शपथपत्र जोडा आणि एक प्रत दुसऱ्या बाजूला द्या, कारण त्यांचं म्हणणं आल्याशिवाय सहसा आदेश होत नाही. समोरच्या बाजूचीही हरकत नसेल, तर दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन, द्या. हा सगळ्यात कमी वेळाचा मार्ग आहे, आणि भांडणाच्या भरात तोच कोणाला सुचत नाही.

मागणीत पर्याय ठेवा. एक, दुसरे समुपदेशक. ते शक्य नसेल तर पुढच्या बैठका प्रमुख समुपदेशकांसमोर. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलाच्या भेटी ठरल्याप्रमाणे चालू राहाव्यात, हे वाक्य न विसरता घाला. ते नसलं की अर्ज प्रलंबित आहे या सबबीवर भेटी बंद पाडल्या जातात, आणि भोगतं ते मूल.

निवृत्त समुपदेशक, मुंबई

वरच्या मुद्द्यांना जोडून. विचारात घेतली जातात अशी कारणं थोडी आहेत : समुपदेशकांची एका पक्षाशी ओळख किंवा नातं, मूल ज्या भाषेत मोकळं बोलतं ती त्यांना न येणं, एकाच बाजूला वारंवार स्वतंत्र वेळ देणं, मुलाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्या पालकाच्या कानावर घालणं, तडजोडीच्या कागदावर सहीसाठी दबाव.

‘बाई आहेत म्हणून आईच्या बाजूने’, ‘मला कडक बोलल्या’, ‘मुलाला भेटायला पाठवा म्हणाल्या’ ही कारणं पडतात. भेट सुरू करायला सांगणं हे समुपदेशकाचं कामच आहे.

मुलाला वाचवण्याची गोष्ट वेगळीच आहे. नवीन माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा, तीच अनोळखी खोली. सहा-सात वर्षांचं मूल तिसऱ्या वेळी पाठ केल्यासारखी उत्तरं देतं आणि मग ‘पढवलेलं आहे’ असा शेरा येतो. म्हणून तक्रार पालकांच्या बैठकीपुरती असेल, तर मुलाची मुलाखत पुन्हा घेऊ नये असं अर्जात स्पष्ट मागा. तक्रार मुलाच्या मुलाखतीबद्दलच असेल, तर ती पुन्हा का हवी ते लिहा.

आणि कृपा करून मुलाकडून समुपदेशकांविरुद्ध चिठ्ठी लिहून घेऊ नका. ती कोणी लिहवली हे पहिल्या ओळीत कळतं.

स्वतःची केस स्वतः चालवणाऱ्यांना मदत करणारी कार्यकर्ती, नाशिक

अर्ज दिला म्हणून बैठकांना जाणं थांबवू नका. गैरहजेरीचा अहवाल न्यायालयाकडे जातो आणि ‘सहकार्य नाही’ हा शिक्का ताब्याच्या निकालापर्यंत सोबत येतो. जा, आणि घरी आल्यावर तारीख, वेळ, कोण हजर होतं एवढं वहीत टिपा. मोबाईलवर चोरून ध्वनिमुद्रण करू नका, तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

अर्जाची पोच घ्या, रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, नोंद झाली का पाहा. आदेश झाला की नकलेसाठी लगेच अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

वकील, कोल्हापूर

अहवाल येऊन गेल्यावर समुपदेशक बदलून मागण्यात फारसा अर्थ नसतो. ‘अहवाल विरुद्ध गेला म्हणून आले’ असंच दिसतं. तेव्हा हरकत अहवालावर घ्या : काय तपासलं नाही, कोणाशी बोलले नाहीत, शाळा किंवा घर पाहिलं का. कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १२ खाली बालमानसतज्ज्ञांची मदत घ्यावी अशी विनंती करता येते. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीशांनी दालनात त्याच्याशी बोलावं, हेही मागता येतं.

समुपदेशनात बोललेलं सगळं गोपनीयच राहतं, या भरवशावर बसू नका. ताब्याच्या प्रकरणात मुलाच्या हितासाठी समुपदेशकांचा अहवाल न्यायालय पाहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

अर्ज फेटाळला तर त्याच अधिनियमाच्या कलम १९ चं अपील नाही, कारण हा अंतरिम, म्हणजे प्रकरण चालू असताना मधेच झालेला, आदेश आहे. उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करावी लागते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ) इथे कोल्हापुरातच आहे. मात्र तीव्र कारण नसेल तर रिटच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्या काळात मूळ प्रकरण अडकतं, आणि मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच रुळत जातं.