मदत हवी आहे : डरहॅम कॅथेड्रलच्या आत दडलेल्या पाव-वर्तुळाकार कमानी नेमके काय पेलतात?

नमस्कार,

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम कॅथेड्रलवर मी मराठीत लेख लिहीत आहे. त्यातील बांधकामाच्या एका मुद्द्यावर अडलो आहे, म्हणून स्थापत्य आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमधील जाणकारांची मदत हवी आहे.

या रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या शैलीतील) वास्तूचा पाया १०९३ मध्ये घातला गेला आणि मध्यदालनावरचे, म्हणजे मधल्या लांब मुख्य दालनावरचे, दगडी छत ११३३ च्या सुमारास पूर्ण झाले. छताच्या प्रत्येक खणात दगडी फासळ्या कर्णावरून एकमेकींना छेदतात. (रिबला मी 'फासळी' म्हणतो आहे, याहून चांगला शब्द रूढ असल्यास जरूर सांगा.) कर्ण बाजूपेक्षा लांब असल्याने त्यावरची अर्धवर्तुळाकार कमान अधिक उंच जाते. त्या उंचीला पोहोचण्यासाठी मध्यदालनाच्या रुंदीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या आडव्या कमानी टोकदार केल्या आहेत. इथपर्यंत मला समजले.

अशा छताचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. इमारत रुंदीत उभी कापल्यासारख्या छेदाच्या आराखड्यात पाहिले, तर बाजूच्या दालनांवरील गॅलरीत, उतरत्या छपराखाली, पाव-वर्तुळाकार कमानी मध्यदालनाच्या भिंतीला टेकलेल्या दिसतात. बाहेरून त्या दिसतच नाहीत. पुढे गॉथिक (रोमनेस्कनंतरच्या, टोकदार कमानींच्या शैलीतील) चर्चमध्ये भिंतींना बाहेरून पेलण्यासाठी उघड्यावर आलेल्या आधारकमानींच्या या पूर्वज, असे काही अभ्यासक मानतात, तर त्या केवळ छपराचे वजन घेतात, असे इतरांचे म्हणणे आहे.

माझा प्रश्न असा, की आधी बांधलेल्या पूर्वेकडील गायनकक्षाच्या गॅलरीत त्याच जागी अर्धवर्तुळाकार कमानी आहेत, आणि तिथले मूळ छत तडे गेल्याने तेराव्या शतकात बदलावे लागले. मध्यदालनाचे छत मात्र आजही उभे आहे. या फरकाचे श्रेय कमानींच्या बदललेल्या आकाराला देता येईल का, की भिंतींची जाडीच पुरेशी होती?

हा बदल सहज झाला असेल, असे मला वाटत नाही. मध्यदालनातील गोल खांबांचा घेर आणि उंची दोन्ही सुमारे ६.६ मीटर आहेत. त्यांतील एकावरच्या नागमोडी खाचेत बोट घालून मी ती हाताच्या उंचीपर्यंत तपासली, तर चिऱ्यांच्या सांध्यांवरून जातानाही रेघ कुठे तुटत नाही. हे चिरे रचण्याआधीच कोरलेले होते. एवढा हिशेब आधी मांडणारे पाथरवट कमानीचा आकार विचार न करता बदलतील का?

रेट्याची दिशा आणि या कमानी भिंतीला टेकतात ती उंची यांचा मेळ बसतो का, हे कोणी आकृती काढून दाखवल्यास मी फार आभारी राहीन.