एरिक डॉल्फी: सूर चुकतात की ऐकणाऱ्याचा कान?

कोमलनिषाद:
गेली वीस-बावीस वर्षे मी हिंदुस्थानी संगीत नेमाने ऐकतो. जॅझशी ओळख मात्र अलीकडची आहे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या नोव्हेंबर १९६१ मधल्या न्यूयॉर्कच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकताना 'इंडिया' या रचनेत एक घोगरे, खर्जातले वाद्य मध्येच बोलू लागले आणि मी दचकलोच. ते बास क्लॅरिनेट होते आणि वाजवणारे एरिक डॉल्फी, असे नंतर कळले. मग त्यांची सर्वांत नावाजलेली म्हणून 'आउट टू लंच' ही तबकडी मिळवली आणि तिथे माझी गाडी अडली. सूर कुठून कुठे उड्या मारतात, सम कुठे आहे, हे चार वेळा ऐकूनही हाती लागले नाही. या माणसाने नियम मुद्दाम सोडून दिले होते, की नियम आहेत आणि मलाच ते ऐकू येत नाहीत? त्यांच्या आयुष्याविषयी कोणी विस्ताराने लिहिले आणि ऐकण्याची सुरुवात कुठून करावी हे सुचवले, तर आभारी राहीन.

खर्ज:
नियम आहेत. डॉल्फी यांच्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे की ते 'फ्री जॅझ'वाले, म्हणजे स्वरचौकट मोडून बाहेर पडलेले. आपले वादन स्वराधिष्ठितच आहे, एरवी एखाद्या पट्टीत न बसणारे स्वर आपण घेत असलो तरी आपल्या कानाला ते त्या पट्टीतलेच वाटतात, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. हे पटवून घ्यायचे असेल तर 'आउट टू लंच' तूर्त बाजूला ठेवा आणि ऑलिव्हर नेल्सन यांची फेब्रुवारी १९६१ मधली 'द ब्लूज अँड द ॲब्स्ट्रॅक्ट ट्रुथ' ऐका. तिथली चौकट अगदी स्पष्ट आहे, बाकीचे वादक सरळ रस्त्याने चालले आहेत आणि डॉल्फी यांचा आल्टो सॅक्सोफोन त्याच रस्त्यावरून, पण गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत जातो. खालचा रस्ता त्यांना सतत दिसत असतो, हे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते जिथे उतरतात त्यावरून कळते.

आता बास क्लॅरिनेटविषयी थोडे, कारण मी स्वतः क्लॅरिनेट वाजवतो आणि हा विषय निघाला की मला राहवत नाही. हे वाद्य नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा एक सप्तक खाली बोलते. लांबी इतकी की खाली धातूचा कर्णा वर वळवलेला असतो आणि बसून वाजवताना ते जमिनीवर टेकवतात. बासरी किंवा सॅक्सोफोनमध्ये फुंक बदलली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटच्या नळीचा स्वभाव वेगळा आहे. ती सप्तक ओलांडून थेट त्यापुढच्या पंचमावर जाते. म्हणजे खालचा षड्ज धरून फुंक पालटली, तर तार षड्ज न येता त्याच्यावरचा पंचम येतो. हे सांधे लपवण्यातच आम्हा वादकांचा जन्म जातो. डॉल्फी यांनी ते लपवले नाहीत. खर्जातून एकदम किंचाळीपर्यंत जाणाऱ्या त्या उडीलाच त्यांनी आपली बोली बनवले. त्यांच्याआधी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात हॅरी कार्नी हे वाद्य रंग भरण्यापुरते वाजवत असत. स्वतंत्रपणे मैफल पेलणारे वाद्य म्हणून त्याला जॅझमध्ये उभे केले ते डॉल्फी यांनी.

पुरावा हवा असेल तर सप्टेंबर १९६१ मधले कोपनहेगनचे 'गॉड ब्लेस द चाइल्ड' ऐका. साथीला कोणीही नाही, फक्त ते एक वाद्य. मूळ चाल ते सुरुवातीला वाजवतच नाहीत. खालून वर, वरून खाली अशी स्वरांची चक्रे फिरत राहतात आणि त्या घोळक्यातून चालीचा एखादा तुकडा पाण्यावर यावा तसा वर येतो. आपण आलाप ऐकणारे आहात, म्हणून हे आपल्याला अडणार नाही असे वाटते.

पारवा:
खर्ज यांनी वाद्याची बाजू मांडलीच आहे, म्हणून मी चरित्रापुरते लिहितो.

डॉल्फी यांचा जन्म २० जून १९२८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आईवडिलांचे मूळ पनामातले. मुलाला रियाजाला जागा हवी म्हणून वडिलांनी घरामागे एक खोली तयार केली, आणि त्या गावातून जाणारे अनेक नामवंत वादक पुढे तिथे येऊन वाजवून गेले. दरम्यान सैन्यातली नोकरी झाली. नाव मात्र फार उशिरा झाले. १९५८ मध्ये ड्रमवादक चिको हॅमिल्टन यांच्या पथकात जागा मिळाली तेव्हा ते तिशीला आले होते. यानंतर त्यांच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे होती, आणि त्यात त्यांनी केलेले काम पाहून थक्क व्हायला होते. २१ डिसेंबर १९६० हा एकच दिवस घ्या. त्या दिवशी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या 'फ्री जॅझ' या तबकडीचे मुद्रण झाले. दोन चौकडी एकाच वेळी वाजवत आहेत, एक डाव्या स्पीकरमधून आणि दुसरी उजव्या, असे ते सदतीस मिनिटांचे वादन. त्यात डॉल्फी यांच्याकडे बास क्लॅरिनेट होते. आणि त्याच दिवशी त्यांनी 'फार क्राय' ही स्वतःची तबकडीही मुद्रित केली.

त्यांच्याविषयी लिहिणारे सगळे एक गोष्ट आवर्जून सांगतात की माणूस विलक्षण सौम्य होता, दारू आणि अमली पदार्थांपासून दूर होता. टीका मात्र कठोर झाली. नोव्हेंबर १९६१ मध्ये 'डाउनबीट' या जॅझविषयक मासिकात जॉन टायनन यांनी कोल्ट्रेन आणि डॉल्फी यांच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवले. त्याचा परिणाम थेट पोटावर झाला. स्वतःचे कायमचे पथक चालवण्याइतके काम त्यांना कधीच मिळाले नाही. एप्रिल १९६४ मध्ये ते बासवादक चार्ल्स मिंगस यांच्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले ते तिथेच राहायचे ठरवून. २७ जूनला पश्चिम बर्लिनमध्ये वाजवताना प्रकृती ढासळली आणि २९ जूनला ते गेले. कारण मधुमेह, आणि तो आपल्याला आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. वय ३६. रुग्णालयातल्या शेवटच्या तासांविषयी बऱ्याच कहाण्या फिरतात, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून त्यात शिरत नाही. 'आउट टू लंच' फेब्रुवारीत मुद्रित झाली होती. ती बाजारात आली तेव्हा डॉल्फी हयात नव्हते.

कोमलनिषाद:
दोघांचेही मनापासून आभार. कोपनहेगनचे वादन काल रात्री ऐकले. पहिल्या मिनिटात गोंधळलो, पण नंतर एक स्वर पुन्हा पुन्हा खाली धरलेला ऐकू आला आणि तो आधार सापडल्यावर वरच्या उड्या आपोआप जागेवर बसल्या. आणखी एक शंका विचारतो. त्यांच्या सुरांच्या मधल्या जागा ऐकताना श्रुतींची आठवण होते. हे माझ्या कानाचे लाड आहेत, की त्यांचा आपल्या संगीताशी खरोखर काही संबंध होता?

त्रिताल:
संबंध होता, पण तो वाढवून सांगू नये. 'अदर ॲस्पेक्ट्स' नावाची तबकडी डॉल्फी यांच्या मृत्यूनंतर वीसहून अधिक वर्षांनी, १९८७ मध्ये निघाली. तीत १९६० सालचे एक मुद्रण आहे, ज्याचे नावच 'इम्प्रोव्हायझेशन्स अँड तुक्राज' असे आहे. तुक्राज म्हणजे आपले तुकडे. तबला आणि तानपुऱ्याच्या साथीने डॉल्फी त्यात बासरी, म्हणजे पाश्चात्त्य आडवी फ्लूट, वाजवतात. खरे सांगायचे तर तिथे राग शोधू नये. शिकलेल्या शागिर्दाचे ते वादन नाही. एका जिज्ञासू माणसाने दारातून आत डोकावून पाहावे तसे ते आहे.

मधल्या सुरांविषयी मात्र आपला कान बरोबर सांगतो आहे. टायनन यांच्या टीकेनंतर एप्रिल १९६२ मध्ये त्याच मासिकाने कोल्ट्रेन आणि डॉल्फी या दोघांना उत्तर द्यायची संधी दिली. तेव्हा डॉल्फी यांनी सांगितले की कॅलिफोर्नियातल्या घरी रियाज करताना पक्षी बरोबर गात, मग ते हातातले काम सोडून पक्ष्यांबरोबर वाजवत. पक्ष्यांचे स्वर आपल्या स्वरांच्या मध्ये पडतात आणि भारतीय संगीतातही तसेच काही आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. 'जॅझविरोधी' म्हणणाऱ्याला इतके निरागस उत्तर दुसऱ्या कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

रेघोटी:
खर्ज यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. 'आउट टू लंच' बाजूला ठेवायला सांगणे योग्य नाही. फक्त ऐकताना लक्ष कुठे द्यायचे ते सांगायला हवे होते. त्या पथकात पियानो नाही. त्याच्या जागी बॉबी हचरसन यांचे व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर ठोके देऊन वाजवायचे वाद्य, आहे आणि ते भरगच्च सुरावट न देता मोजके ठोके देऊन गप्प बसते, त्यामुळे जमीन काढून घेतल्यासारखे वाटते. ड्रम्सवर टोनी विल्यम्स आहेत, वय अवघे १८; तेही ठेका चालवण्यापेक्षा त्याच्याशी खोड्या काढण्यातच रमतात. अशा वेळी कान रिचर्ड डेव्हिस यांच्या बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, ठेवावा. पहिली रचना 'हॅट अँड बिअर्ड' ही पियानोवादक थेलोनियस मंक यांना उद्देशून आहे. तिच्यातली बासची चाल नऊ मात्रांची आहे. ती दहा-बारा आवर्तने बोटांवर मोजली की सम सापडते, आणि नऊच्या अंगाने मोजणे आपल्याला नवे नाही.

खर्ज:
मान्य. मी नवख्या श्रोत्याला सोपा जिना दाखवत होतो, पण तालाच्या बाजूने चढणाऱ्याला रेघोटी यांनी दाखवलेला जिना जवळचा आहे.

पुढे काय झाले याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालतो. मिंगस यांनी आपल्या मुलाचे नाव एरिक डॉल्फी ठेवले. डॉल्फी यांची बासरी आणि बास क्लॅरिनेट त्यांच्या आईने कोल्ट्रेन यांना दिले. सॅक्सोफोनसाठी ओळखले जाणारे कोल्ट्रेन १९६७ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, 'टू बी' या रचनेत चक्क बासरी वाजवताना ऐकू येतात. कोमलनिषाद, ती रचना 'एक्स्प्रेशन' या तबकडीवर आहे. 'इंडिया'पासून सुरुवात केलीत, आता हेही ऐका.