जुन्या जीपला पाट्यांचे हँगर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट घरी वेल्ड करावेत का?

पांदणवाला, केळापूर:
नमस्कार. आमच्याकडे महिंद्राची जुनी एमएम 540 जीप आहे. पाऊस लागला की शेताकडची काळ्या मातीची पांदण ट्रॅक्टरखेरीज कोणालाच जुमानत नाही आणि खोल चाकोऱ्यांमध्ये जीपचा डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मधल्या उंचवट्यावर टेकतो. म्हणून मृगाच्या आधी गाडी दोन इंच उचलावी, त्यासाठी पाट्यांचे (पट्टी-स्प्रिंगचे) खोल हँगर, म्हणजे पाटे चॅसिसला टांगणारे ब्रॅकेट, आणि लांब शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट बसवावेत, असा विचार आहे. ब्रॅकेट 6 मिलिमीटर जाडीचे तयार मिळाले आहेत. चॅसिसचा पत्रा घासून मोजला तर जेमतेम 3 मिलिमीटर भरतो. माझ्याजवळ 200 अँपिअरचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि 6013 जातीचे साधे वेल्डिंग रॉड आहेत, आणि फाटके, ट्रॉलीचे फाळके ही कामे मी घरीच करतो. एवढ्या सामानावर हे काम घरी करणे योग्य होईल का, आणि 7018 जातीचे अधिक चिवट जोडाचे रॉड आणावेत का, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

जुना फिटर, वणी:
भाऊ, वेल्डिंगच्या आधी उंचीचा प्रश्न निकालात काढू. अ‍ॅक्सल चाकांना बांधलेला असतो, त्यामुळे हँगर कितीही खोल केले तरी वर जाते ती चॅसिस आणि बॉडी. डिफरन्शियल जिथे होता तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या व्यासाने वाढते, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मीच. म्हणजे आपले मूळ दुखणे हँगर बदलून जाणार नाही. उलट गाडी उचलली की अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे रबरी होज ताणले जातात आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या खिळीचा मागेपुढे झुकाव) हलला तर स्टीअरिंग रस्ता धरत नाही.

दुसरे असे की हँगर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ब्रॅकेट यांना एकाच मापाने मोजू नये. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ब्रॅकेट सुटला तर गाडी उसळते, खडखडते, पण घरी येते. पाट्याच्या स्थिर टोकाच्या हँगरवर मात्र गाडीच्या वजनासोबत ओढीचा आणि ब्रेकचा सगळा जोर येतो. तो तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि चालकाच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच मूळ हँगर बहुधा रिव्हेटने बसवलेले असतात. हँगरला घरी हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॉली बनवणाऱ्याकडेही विचार करूनच जावे, कारण जाड चॅनलवर रॉडमागून रॉड ओतण्याची सवय असलेला हात 3 मिलिमीटरच्या पत्र्यावर तसाच चालला, तर जोड मजबूत दिसतो आणि त्याच्या कडेला पत्रा खाल्ला गेलेला असतो. तडा नेमका तिथून सुरू होतो.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट घरी होऊ शकतात. चॅसिस आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये दोहोंच्या दरम्यानच्या जाडीची, कोपरे गोल केलेली पट्टी घ्यावी, म्हणजे जोर मोठ्या जागेवर पसरतो. जिथे चॅसिस खुली, सी आकाराची आहे, तिथे वरच्या आणि खालच्या पाळीच्या (दुमडलेल्या आडव्या बाजूच्या) कडेपर्यंत वेल्ड नेऊ नये, आणि उभ्या बाजूवर सरळ वरून खाली एकसंध रेघही ओढू नये. पट्टी चौकटच्या पानासारखी तिरपी बसवली की वेल्ड आडव्या छेदातून जात नाही. उष्णता जाड तुकड्यावर धरावी आणि तिथून पत्र्यावर आणावी.

6013 चालेल, कारण हे साधे पोलाद आहे. 7018 चा जोड अधिक चिवट असतो, पण तो रॉड ओल धरतो आणि ओलीतला हायड्रोजन जोडात शिरून तडे पाडतो. उघडे पाकीट एकदा ओलावले की ते 260 अंशांच्या वर भाजावे लागते. चंद्रपूरचे ऊन कितीही कडक असले तरी ते त्या कामाचे नाही. भट्टीची सोय नसेल तर कोरडा 6013 बरा. 2.5 मिलिमीटरच्या रॉडला साधारण 70 ते 90 अँपिअर धरून आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर जोड करावा, तो हातोड्याने मोडून पाहावा आणि मुळापर्यंत वितळला आहे की नुसता वर बसला आहे, याची खात्री करूनच गाडीखाली जावे.

आर्वीकर:
वरील सल्ल्यात दोन गोष्टींची भर घालतो. कृषिपंप सुरू असताना गावातला व्होल्टेज पडतो, आर्क मध्येच तुटतो आणि जोडात स्लॅग (रॉडच्या लेपाची राख) अडकतो; त्यामुळे वेळ पाहून काम करावे. बॅटरीचे टर्मिनल सोडावे, अर्थचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ घासलेल्या पत्र्यावर लावावा, डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला कराव्यात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क लावू नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि घरात कापूस भरलेला असेल किंवा अंगणात पऱ्हाट्या रचलेल्या असतील, तर गाडी तिथून लांब न्यावी. कापसात शिरलेली ठिणगी तासन्‌तास आतल्या आत धुमसते आणि सगळे झोपल्यावर वर येते.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. गाडी उचलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

पांदणवाला, केळापूर:
दोघांचेही आभार. डिफरन्शियलचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. हँगरचा बेत रद्द करतो. जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र बदलायचेच आहेत आणि त्यांचे वरचे ब्रॅकेट गंजून गेले आहेत. नव्या ब्रॅकेटची जागा कशी ठरवावी?

जुना फिटर, वणी:
गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी असताना ब्रॅकेट नुसता शिकंज्याने धरावा. त्या स्थितीत शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा दांडा साधारण मध्यावर असावा, खाली जाण्यासाठी किंचित जास्त वाव असला तर उत्तम. मग वेल्डचे दोन छोटे टाके मारावेत आणि चॅसिस जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी, म्हणजे अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळेल. तेव्हा शॉकअ‍ॅब्सॉर्बर ताणून अडता कामा नये. दाबाच्या बाजूला अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या (चॅसिसखालच्या अडकणीच्या) रबरावर टेकतो तेव्हा दांडा किती आत जाईल ते मोजावे आणि त्यानंतरही बोटभर जागा शिल्लक राहील असे पाहावे. हे जुळले नाही तर टाके ग्राइंडरने सहज सुटतात. जुळल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश काढून घ्यावेत आणि मगच पूर्ण वेल्ड करावा, नाहीतर नवे बुश त्याच दिवशी जळतील.