पेरू देशातील थडग्यांतील वस्त्रे इतकी कशी टिकली?

प्रश्न (वडोदरा): सयाजीबागेतील संग्रहालयातली इजिप्तची ममी पाहिल्यापासून एक शंका मनात घोळते आहे. पेरूतील पाराकास येथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्रांचे रंग आजही ताजे कसे दिसतात?

उत्तर १: तेथील वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि ओलावा नसल्यामुळे कापड कुजवणारे जंतू वाढत नाहीत. १९२७ मध्ये पेरूचे पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांच्या चमूला तेथे कापडात गुंडाळलेल्या मृतदेहांची ४२९ गाठोडी सापडली. गुडघे छातीशी घेऊन बसवलेल्या देहाभोवती सुती कापडाचे थर असत, आणि मोठ्या गाठोड्यांत त्या थरांमध्ये लोकरीच्या धाग्याने भरतकाम केलेल्या शालीही ठेवलेल्या असत. काही शालींवरचे भरतकाम अर्धेच राहिले आहे. नुसती बाह्यरेषा टाकलेली आकृती पाहिली की, सुई थांबली तो क्षणच समोर उभा राहतो.

प्रश्नकर्ता: ती लोकर मेंढीची होती का?

उत्तर १: नाही, अल्पाकासारख्या उंटकुळातील प्राण्यांची. मेंढ्या सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेल्या.

उत्तर २: पेरूतीलच नंतरच्या चांकाय संस्कृतीच्या थडग्यांत विणकामाच्या टोपल्याही मिळतात. त्यांत टकळ्या, गुंडाळलेले सूत आणि सुया असतात. आमच्या आजीचा शिवणाचा डबाही असाच भरलेला असे, म्हणून मला भरतकामाच्या शालींपेक्षा या टोपल्याच अधिक जवळच्या वाटतात.