मुलगी सगळ्यालाच चमचा म्हणते, नवीन शब्द कसे शिकवायचे?

चिऊचीआई: लेक साडेतीन वर्षांची आहे, बडबड भरपूर करते पण स्वयंपाकघरातलं काहीही हातात आलं की तो चमचाच. झारा चमचा, डाव चमचा, उलथनं पण चमचा. मी एकेक वस्तू दाखवून नाव सांगते, तेव्हा म्हणते बरोबर, आणि संध्याकाळी परत चमचा. फ्लॅशकार्ड मागवू का?

मानसशास्त्रवाला: फ्लॅशकार्ड कशाला ताई, घरात सगळं आहे की. एकेक दाखवू नका, दोन झारे एकदम समोर ठेवा, एक मोठा, एक लहान, आणि दोन्हीला झाराच म्हणा. एकटी वस्तू बघितली की पोरांची नजर वरवरच्या आकारावर जाते, लांब दांडा दिसला की झाला चमचा. पण दोन वस्तू शेजारी आणि नाव एकच असलं की दोघांत सारखं काय हे ती स्वतःच बघायला लागतात. अमेरिकेत डेड्रे गेंटनर आणि लॉरा नेमी यांनी १९९९ मध्ये चार वर्षांच्या मुलांवरचा यावरचा अभ्यास छापलाय, मला तो फार आवडतो. नुसतं सायकलचं चित्र दाखवून त्याला एक नवाच, अर्थ नसलेला शब्द दिला आणि असंच अजून एक दे म्हटलं की मुलं बऱ्याचदा चष्म्याचं चित्र निवडायची, कारण दोन गोल दिसतात ना. पण सायकल आणि तीनचाकीची चित्रं शेजारी ठेवून दोन्हीला तोच शब्द दिला तर मुलं स्केटबोर्डकडे वळली, म्हणजे दिसण्यापलीकडे जाऊन ही ज्यावरून जाता येतं अशी वाहनं आहेत हे त्यांनी पकडलं. शिकवलं काहीच नव्हतं, फक्त शेजारी ठेवलं होतं!

बालवाडीताई: अगदी बरोबर. आणि झारा कळला की मग त्याच्या शेजारी डाव ठेवा. दोन्हीला दांडा, दोन्हीला पुढे पसरट भाग, म्हणून भोकं लगेच नजरेत भरतात. झारा आणि कुकर शेजारी ठेवलात तर सगळंच वेगळं, मग मूल नेमकं बघणार काय? बादलीत दोन्ही बुडवून वर काढायला लावा, डावात पाणी राहतं, झाऱ्यातून धार लागते, आमच्याकडे पोरं हे परत परत करतात आणि तोंडाने झारा झारा चालू असतं.

चिऊचीआई: हे आजच करते! आणि खरखरीत, मऊ असले शब्द? ते तर शेजारी ठेवता येत नाहीत ना.

बालवाडीताई: येतात की. दोन टॉवेल घ्या, एक खरखरीत एक मऊ, हात फिरवायला द्या. खरखरीत दगड आणि मऊ उशी असं नको, कारण मग तिला वाटेल खरखरीत हे दगडाचंच नाव. आधी एकाच जातीच्या वस्तू, टॉवेल टॉवेल, चादर चादर, आणि ते जमलं की मग काथ्या, फणसाची साल, काहीही द्या.